बादलीचं चित्र

(एका चित्रकला-शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्या सरांच्या आठवणीसाठी आपण आज इथे जमलो आहोत, त्यांनी मला पहिल्यांदा बादली काढायला शिकवली. मी सातवीत होते, एलिमेंटरीची परीक्षा तोंडावर आली होती. वर्गाच्या मधोमध स्टूल, स्टुलावर पत्र्याची बादली, शेजारी एक किटली आणि दोन टोमॅटो. सर मागून यायचे, काही न बोलता माझ्या हातातली पेन्सिल घ्यायचे, बादलीच्या तोंडाचा लंबगोल पुसायचे आणि पुन्हा काढायचे. वरचा लंबगोल चपटा, तळाचा जास्त भरलेला. डोळ्याच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितका तिचा गोल उघडत जातो. हे समजायला मला चार महिने लागले. बादली दिसते कशी, एवढा एकच प्रश्न त्या वर्गात होता, आणि तो मला आयुष्यभर पुरला आहे.

आज मी बोलणार आहे ते गोऱ्या मुलांनी भरलेल्या कलाशाळेत शिकणाऱ्या सावळ्या-काळ्या मुलामुलींबद्दल. उदाहरण आयर्लंडचं घेते, कारण २०१४ ते २०१६ ही दोन वर्षं मी तिथे शिकले. शाळेचं आणि गावाचं नाव घेणार नाही. जे घडलं ते एका इमारतीपुरतं नव्हतं आणि माझी तक्रारही कुणा एका माणसाविरुद्ध नाही. मला शिकवणारी माणसं चांगली होती. त्यामुळेच जे घडत होतं ते ओळखायला मला वेळ लागला.

तिथल्या कलाशिक्षणाचा कणा म्हणजे क्रिट. विद्यार्थ्यानं आपलं काम भिंतीवर लावायचं, वर्ग आणि शिक्षक भोवती उभे राहणार आणि चित्रावर बोलणार. आपल्याकडे सर पेन्सिल घेऊन चूक दुरुस्त करतात. तिथे दुरुस्ती तोंडानं होते. पहिल्या सत्रात मी माझ्या भाड्याच्या खोलीतला रेडिएटर रंगवला. सहा कॅनव्हास. पांढरा, जुना, ठिकठिकाणी रंग उडालेला रेडिएटर, त्यावर वाळत घातलेले माझे ओले मोजे आणि खिडकीतून येणारा ऑक्टोबरचा करडा उजेड. तो उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. आपल्याकडे सावलीला कड असते. तिथे सावलीला कड नाही, ती वस्तूच्या अंगाखाली नुसती मुरते. हे मला रंगात पकडायचं होतं.

माझ्या आधी एका आयरिश मुलाची पाळी होती. त्यानं आजीच्या घरची किटली रंगवली होती. त्या किटलीवर वीस मिनिटं चर्चा झाली. करड्या रंगाच्या छटा, कडा कुठे हरवल्या, कुठे सापडल्या, इटालियन चित्रकार मोरांदीचं नाव निघालं. मी मन लावून ऐकत होते, कारण हे सगळं मलाही हवं होतं. मग सगळे माझ्या रेडिएटरसमोर आले. थोडा वेळ कुणी बोललं नाही. नंतर शिक्षिका अतिशय मायेनं म्हणाल्या, ‘हे छान आहे, पण यात तू कुठे आहेस? तुझ्याकडचे रंग कुठे आहेत?’

मोजे माझे होते. पण ते उत्तर तेव्हा मला सुचलं नाही.

पुढच्या सत्रात मी हळद आणली, कुंकू आणलं, आजीच्या जुन्या लुगड्याचे काठ मागवून घेतले. हळदीचे ढीग, त्यावर टांगलेले काठ, मागे धूप. वर्गात मला सर्वांत जास्त गुण त्या कामाला मिळाले. किती जणांनी मिठी मारली. मी फोटो आईला पाठवला. आई शिकलेली नाही, पण तिची नजर पक्की आहे. तिनं बराच वेळ फोटो पाहिला आणि विचारलं, ‘हे कुणाच्या घरातलं आहे गं?’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी माझं कधीही नसलेलं एक घर मांडून त्यावर गुण मिळवले होते.

माझं म्हणणं सगळं याच ठिकाणी आहे. परक्या कलाशाळेत सावळ्या विद्यार्थ्याला शिवी क्वचित मिळते. त्याला मिळतं ते आमंत्रण: तू तुझं घेऊन ये. हे आमंत्रण प्रेमाचं असतं. पण ते घेतलं की आपल्या वाट्याला फक्त ‘आपलं’ उरतं. किटली, पाऊस, दुपारचा उजेड, कंटाळा, भूमिती, रंगाची जाडी हे सगळं बाकीच्यांचं. गोरा मुलगा माणूस म्हणून चित्र काढतो आणि आपण प्रतिनिधी म्हणून. त्याचं चित्र चुकलं तर चित्र चुकतं. आपलं चुकलं तर अख्खा देश चुकल्यासारखं वाटतं. बरोबर आलं तरी श्रेय देशाला.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईवडील नायजेरियातून आलेले, ती स्वतः डब्लिनमध्ये जन्मलेली. बोलणं अस्सल डब्लिनचं, इतकं की सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. तिला दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, ‘पण तू मूळची कुठली?’ ती उपनगराचं नाव सांगायची. मग पुढचा प्रश्न यायचा, ‘नाही, पण खरंच कुठली?’ तिच्याकडूनही कापडावरचं आफ्रिकी नक्षीकाम मागितलं जायचं. तिला रस होता ट्रामच्या रात्रीच्या खिडक्यांमध्ये, काचेतल्या दुहेरी प्रतिबिंबांमध्ये. ती मला म्हणाली, ‘तुला निदान परत जायला जागा आहे. मी इथलीच आहे आणि मला इथलं काढू देत नाहीत.’

तिच्या या बोलण्यामागे एक तारीख आहे. जून २००४ मध्ये आयर्लंडनं सार्वमत घेऊन घटनेत सत्ताविसावी दुरुस्ती केली. तोवर त्या बेटावर जन्मलेलं प्रत्येक मूल आपोआप नागरिक होत असे. ते बंद झालं. ७९ टक्के मतं दुरुस्तीच्या बाजूनं पडली. माझी मैत्रीण त्याआधी जन्मलेली, म्हणून नागरिक. ‘तू मूळची कुठली’ हा प्रश्न तिथे कायद्याच्याही तोंडी आहे, हे मला तिच्याकडून समजलं.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात सर आहेत. लाइफ क्लासमध्ये, म्हणजे देहचित्रणाच्या वर्गात, मॉडेल सगळे गोरे. कातडीचा रंग मिसळायचा धडा सुरू व्हायचा तो पांढऱ्यापासून: पांढरा, मग यलो ऑकर, मग थोडा तांबडा. आपल्याकडेही ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब मिळायची, आठवतं ना? त्या ट्यूबमधला रंग वर्गातल्या एकाही मुलाच्या हाताशी जुळायचा नाही. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं १९६२ साली आपल्या ‘फ्लेश’ खडूचं नाव बदलून ‘पीच’ केलं. नावच बदललं, रंग तोच राहिला. तर माझ्या मैत्रिणीला आत्मचित्र करायचं होतं. शिक्षक प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, ‘तुझ्या कातडीचा रंग कसा मिसळायचा ते मला खरंच येत नाही. मला कुणी शिकवलं नाही.’

मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी आरशासमोर उभ्या राहिलो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन, काळ्याला हात लावायचा नाही. सावलीत अलिझरिन. आणि सर जे नेहमी सांगायचे ते: सावळ्या कपाळावरचा हायलाइट थंड असतो, कारण तिथे आभाळ उतरलेलं असतं. गोऱ्या कातडीवर उजेड पसरतो, गडद कातडीवर तो नेमका बसतो. म्हणून गडद चेहऱ्यात आजूबाजूचे रंग जास्त दिसतात. खिडकीतल्या करड्या उजेडानं तिच्या गालाच्या हाडावर निळसर जांभळी रेघ आली होती. ती तिला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती ब्रश हातात धरून नुसती उभी राहिली. तीन तास आम्ही संस्कृतीबद्दल एक शब्द बोललो नाही. कोल्हापुरातल्या एका हायस्कूलच्या मास्तरांची विद्या डब्लिनच्या मुलीच्या चेहऱ्यावर चालली. मला वाटतं, माझं आयर्लंडमधलं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

नंतर मी तिला डब्लिनला चेस्टर बीटी संग्रहालयात घेऊन गेले. चेस्टर बीटी हा खाणधंद्यात श्रीमंत झालेला अमेरिकन संग्राहक १९५० साली डब्लिनला येऊन राहिला. त्याचा संग्रह आता डब्लिन कॅसलच्या आवारात आहे. म्हणजे जिथून १९२२ पर्यंत इंग्रज आयर्लंडवर राज्य करत होते, त्या आवारात आज मुघल मुरक्क्यांतली, म्हणजे चित्रसंग्रहांतली, पानं पाहायला मिळतात, तीही फुकट. त्या चित्रांत गव्हाळ, सावळे, काळे, तांबूस, पिवळट असे सगळे चेहरे आहेत. पातळ थरावर थर देऊन, कागद उलटा करून अकिकाच्या दगडानं घोटलेले. कुठलाही एक रंग ‘मूळ’ धरून बाकीचे त्यात भेसळ म्हणून मिसळलेले नाहीत. हे तिनंच मला दाखवलं.

आता थोडं मागं जाते, कारण डब्लिनची कलाशाळा आणि मुंबईची कलाशाळा या एकाच घरात वाढलेल्या बहिणी आहेत, आणि हे तिथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

डब्लिनचं आजचं नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन १७४६ च्या सुमारास रॉबर्ट वेस्टच्या ड्रॉइंग-शाळेपासून आपली परंपरा मोजतं. एकोणिसाव्या शतकात ती शाळा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशिक्षण-व्यवस्थेखाली आली आणि १८७७ साली तिचं नाव डब्लिन मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्ट झालं. आपलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग आले, तेही साउथ केन्सिंग्टनच्याच मुशीतून. नमुनाचित्रांचा शिरस्ता तोच, प्लॅस्टरचे ग्रीक-रोमन पुतळे तेच, परीक्षेची रीत तीच. डब्लिनचा सुताराचा पोरगा आणि गिरगावातला कारकुनाचा पोरगा एकाच अपोलोच्या नाकाची सावली घासत होते.

आयर्लंडच्याच कॉर्क शहरात तर या प्लॅस्टरची मोठी कथा आहे. पोप सातव्या पायसनं व्हॅटिकनमधल्या शिल्पांचे साचे, शिल्पकार कानोव्हाच्या देखरेखीखाली घेतलेले, इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटला भेट दिले. लंडनला त्यांचं काही अप्रूप वाटलं नाही, म्हणून १८१८ साली ते कॉर्कला आले. त्यांच्यासमोर बसून चित्रकार डॅनियल मॅक्लीस आणि शिल्पकार जॉन होगन शिकले. तिथल्या क्रॉफर्ड कलादालनात ते मी पाहिले तेव्हा एका गोष्टीनं थबकले. हे पुतळे इतके पांढरे, इतके शांत, की हाच माणसाचा मूळ रंग असावा असं वाटू लागतं. पण ग्रीकांनी आपले पुतळे रंगवले होते. केस, ओठ, वस्त्रांचे काठ, डोळे, सगळं. रंग काळानं झिजवला आणि पुढच्या शतकांनी झिजलेल्याला आदर्श मानलं. कितीतरी वर्षं त्या रंगहीन प्लॅस्टरवर डब्लिनची आणि मुंबईची पोरं घासली गेली.

आयरिश माणसाला हे कळायला हवं, कारण त्यालाही कुणीतरी असंच रंगवलेलं आहे. ‘पंच’ या इंग्रजी नियतकालिकात जॉन टेनिएल आयरिश शेतकऱ्याला माकडाच्या जबड्याचा काढत असे. १८८२ चं त्याचं आयरिश फ्रँकेन्स्टाइनचं व्यंगचित्र प्रसिद्ध आहे. एकेकाळी आयरिश माणूस इंग्रजाच्या लेखी पुरता गोरा नव्हता. आणि १८४५ साली अमेरिकेतल्या गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस आयर्लंडला आला, डब्लिन-कॉर्कमध्ये त्याची भाषणं झाली, त्याच्या आत्मकथनाची आवृत्ती डब्लिनमध्ये छापली गेली. ही आठवण तिथे अभिमानानं सांगतात. मला ती ऐकायला आवडायची. पण पाहुण्याला ओसरीवर बसवणं निराळं आणि घरातल्या मुलीला घरातली म्हणणं निराळं.

‘तुझं काढ’ हा आग्रहही आपल्याला नवा नाही. सिस्टर निवेदिता मूळच्या आयरिश. मार्गारेट नोबल, टायरोन परगण्यातल्या डंगॅननला १८६७ साली जन्मलेल्या. त्याच वर्षी इथे, कोल्हापुरात, चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. निवेदितांनी भारतीय कलेसाठी जीव तोडून लिहिलं. रविवर्म्याच्या पाश्चात्त्य वळणाच्या शकुंतलेवर त्यांनी कडक टीका केली. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत १८९६ साली आलेले प्राचार्य ई. बी. हॅवेल यांचंही तेच. त्यांनी युरोपीय नमुने मागे सारून भारतीय नमुने पुढे आणायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच विरोध केला. रणदाप्रसाद गुप्त यांच्या पुढाकारानं १८९७ साली ज्युबिली आर्ट अकॅडमी ही वेगळी शाळाच निघाली. या मुलांना आपण आजवर गुलाम मनोवृत्तीची म्हणत आलो. मीही म्हणत असे. रेडिएटरनंतर म्हणेनाशी झाले. त्या मुलांना तैलरंग हवे होते, देहरचना हवी होती, जगातल्या चित्रकारांकडे जे आहे ते सगळं हवं होतं. ‘तुमचं तुम्हाला परत देतो’ या वाक्यात त्यांना दार बंद होताना ऐकू आलं असेल.

आणि धुरंधर? ते १८९० साली जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि एक्केचाळीस वर्षं त्याच वास्तूत राहिले. त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच ती एक्केचाळीस वर्षं आहेत. गोऱ्या प्राचार्यांच्या हाताखाली ते शिकले, शिकवू लागले आणि अखेरीस १९३० च्या सुमारास त्यांनी संचालकपदाचा कारभारही पाहिला. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जे. जे. मध्ये भारतीय शैलीतल्या भित्तिचित्रांचा आग्रह वाढला होता. धुरंधरांनी काय केलं? त्यांनी पुराणातल्या देवताही काढल्या, शिवकालही काढला, आणि मुंबईच्या रस्त्यावरच्या बायकाही काढल्या: भाजीवाली, पारशीण, ख्रिस्ती बाई, चाललेली, थांबलेली, घामेजलेली. समोर दिसत होतं ते काढलं. त्यांच्या जलरंगातल्या त्या बायकांकडे पाहताना मला प्रतिनिधी दिसत नाहीत, उन्हात उभी असलेली माणसं दिसतात. आपले आबालाल रहिमान जे. जे. मधलं शिक्षण घेऊन कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या पाण्यावर, संध्यामठावर आयुष्य घालवलं. ‘भारतीयत्व’ दाखवायला ते तिथे बसले नाहीत. पाण्यावरचा उजेड पाहायला बसले.

आयर्लंडमध्ये आज हा पेच काही तरुण कलावंतांनी आपापल्या परीनं सोडवला आहे. बस्साम अल-सबाह १९९४ साली बगदादला जन्मले आणि डन लेअरीच्या आय.ए.डी.टी. या संस्थेत शिकले. त्यांच्याकडून युद्ध, वाळू आणि मशिदी मागणं किती सोपं होतं! त्यांच्या कामात काय आहे? लहानपणी टीव्हीवर पाहिलेली, अरबी आवाज दिलेली जपानी कार्टून्स आणि त्यातले योद्धे, संगणकावर घडवलेल्या अॅनिमेशनमध्ये. हेच त्यांचं खरं बालपण. आपल्याही पिढीचं बालपण असंच नव्हतं का, हिंदीत बोलणाऱ्या जपानी मोगलीचं? अॅलिस रेकाब आयरिश आणि सिएरा लिओनी अशा दोन्ही घराण्यांच्या. डब्लिनच्या डग्लस हाइड गॅलरीतल्या २०२२ च्या प्रदर्शनात त्यांनी आपल्या कुटुंबाचा मिश्र वारसा मांडला, पण तो त्यांच्या अटीवर. म्हणजे घरचं काढू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. दार आतून उघडायचं की बाहेरून, एवढाच मुद्दा आहे.

ज्यांना दारापर्यंतही पोचता आलं नाही, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. मी संध्याकाळच्या एका मोफत ड्रॉइंग-वर्गात मदत करायचे. तिथे डायरेक्ट प्रोव्हिजनमध्ये राहणारी एक बाई यायची. आश्रय मागणाऱ्यांना सरकारनं राहायला आणि जेवायला द्यायचं, अशी ही २००० सालापासूनची व्यवस्था. तेव्हा मोठ्या माणसाला आठवड्याला हातखर्चाला १९ युरो १० सेंट मिळत. काम करायला परवानगी नव्हती. कितीतरी केंद्रांत स्वतःचं जेवण रांधायचीही सोय नव्हती. बऱ्या तैलरंगाच्या दोन-तीन ट्यूबांत तो आठवडा संपायचा. कॉलेजात जायचं तर बहुतेकांना परदेशी विद्यार्थ्याची फी. ही बाई मूळ शिक्षिका. ती वर्गात आली की आधी पंधरा मिनिटं नुसती टेबलावर हात पसरून बसायची. मी एकदा विचारलं. म्हणाली, ‘खोलीत चौघं आहोत. माझं असं टेबल मला इथेच मिळतं.’ तिनं सबंध सत्र कप काढले. कप, बशी, कप. तिला कुणी तिच्या देशाबद्दल विचारू नये याची मी काळजी घेत होते. तिलाही ते कळत होतं असं मला वाटतं.

शिकवणाऱ्यांमध्ये कुणी आपल्यासारखं दिसत नव्हतं, ही गोष्ट तेव्हा मला खटकलीही नव्हती. तिथल्या हायर एज्युकेशन ऑथॉरिटीनं २०२१ साली उच्च शिक्षणातल्या वांशिक समतेवर अहवाल काढला. तीन हजारांवर कर्मचाऱ्यांची पाहणी त्यात होती. अल्पसंख्य वंशांतल्या एक तृतीयांशाहून अधिक कर्मचाऱ्यांनी भेदभाव सोसल्याचं सांगितलं. शिक्षकांची ही स्थिती असेल तर विद्यार्थ्यानं कुणाकडे पाहायचं? चांगली गोष्ट ही की अहवालावर न थांबता पुढे कृती-आराखडा आणि वंशभेदविरोधी तत्त्वं ठरवली गेली. आपल्याकडे आपण असा अहवाल काढला आहे का?

हा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. डहाणू-तलासरीकडची एखादी वारली मुलगी आपल्या कलामहाविद्यालयात आली की आपण तिच्याकडून काय मागतो? चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा वारसा तिच्या खांद्यावर ठेवून आपण तिला वर्तुळ-त्रिकोण काढायला लावतो. तिला देहचित्रण करायचं असेल तर? नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचा अनुभव जळजळीत रेषेत मांडला. तो त्यांनी स्वतः निवडला, आणि ते काम मोठं आहे. पण प्रत्येक दलित विद्यार्थ्याकडून तेच मागायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ‘तू मूळची कुठली’ हा प्रश्न ऐकून मला परदेशात राग यायचा. मग एके दिवशी आठवलं, की आपल्याकडे तोच प्रश्न ‘आडनाव काय?’ असा विचारतात. मीही विचारलेला आहे, वर्गात, पहिल्या दिवशी. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

दर वर्षी दोन-चार पालक मला भेटायला येतात. ‘मॅडम, पोरीला आयर्लंडला पाठवू का?’ ओढ वाढली आहे. तिथल्या जनगणनेत भारतीय नागरिक २०१६ साली ११,४६५ होते, २०२२ साली ४५,४४९. मालवण तालुक्यातल्या वराडच्या अशोक वराडकरांचा मुलगा लिओ वराडकर तिथला पंतप्रधान झाला, तेव्हापासून तो देश आपल्या माणसांना जवळचा वाटतो. मी आधी पैशांचं बोलते. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याची फी वेगळी आणि जड. नोंदणी-कार्डाचे दरवेळी ३०० युरो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, सुट्टीच्या ठरलेल्या महिन्यांत ४०. चित्रकाराला स्टुडिओत तास हवे असतात आणि भांडी घासून आलेला हात रात्री थरथरतो. मला ते माहीत आहे. पदवीनंतर एक वर्ष, पदव्युत्तर असेल तर दोन वर्षं नोकरी शोधायला मिळतात, आणि चित्रकाराला नोकरी कोण देतं?

मग ते हळूच दुसरा प्रश्न विचारतात. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाल्ला भागात एका भारतीय माणसावर जमावानं हल्ला केला. नंतरच्या आठवड्यांत आणखी घटना झाल्या, एका लहान मुलीलाही मारहाण झाली. ऑगस्टमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये दंगल झाली होती. यावर मी खोटा धीर देत नाही. निषेध करायला आयरिश माणसंही मोठ्या संख्येनं रस्त्यावर आली, हेही खरं आहे आणि तेही सांगते. रात्री एकटीनं हेडफोन लावून चालू नकोस म्हणावं, असं सांगते. आणि मुलीला एकटं गाठून एक गोष्ट सांगते: तुला पहिल्या सत्रात जे काढावंसं वाटेल ते काढ. तुझ्या घरचं आठवलं तर घरचं, बसस्टॉप दिसला तर बसस्टॉप. कुणी विचारलं ‘यात तू कुठे आहेस’, तर ब्रशच्या फटकाऱ्याकडे बोट दाखव.

मला स्वतःला हे फार उशिरा जमलं. डिग्री शो संपला होता, आमच्या भिंती उतरवायचं काम चालू होतं. वर्कशॉपमध्ये फरशी पुसायची एक बादली पडली होती, प्लॅस्टिकची, निळी, कडेला प्लॅस्टर सुकलेलं. मी खोक्यावर बसून ती काढायला लागले. रेडिएटरनंतर मी एकही साधी वस्तू नुसती पाहण्यासाठी काढली नव्हती. तिथला टेक्निशियन, साठीच्या घरातला माणूस, सगळ्यांची फ्रेमांची कामं करून द्यायचा; चित्रांवर तो कधी बोलायचा नाही. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग वाकून कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘तळाचा गोल चुकलाय. अजून उघड.’

बघितलं तर खरंच चुकला होता. मी त्याच्याकडे खोडरबर मागितलं.